मूळव्याध म्हणून गेलेले आठ महिने

बाबा, मागच्या मंगळवारी मी आतड्यांची दुर्बिणीतून तपासणी करून घेतली. मला काहीच त्रास नव्हता. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दुखत नाय तं कशाला उगाच जातेस?" म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

कोकण रेल्वेचे रूळ कोलाडकडे सरकत होते, ते वर्ष. तुम्ही रोहा-पेण एस.टी.वर कंडक्टर आणि मी पेणला डी.एड.ला. सकाळी तुमच्याच गाडीने यायचे, आणि तुम्ही माझा पास रोज तपासायचात, परक्या माणसासारखा. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी तुमचा चेहरा उतरायचा. त्या दिवशी नागोठणं मागे पडलं आणि स्टॉप नसलेल्या जागी तुम्ही घंटी दिलीत. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. तुम्ही माझ्या सीटपाशी आलात आणि तिकिटांची पेटी माझ्या मांडीवर ठेवलीत. त्या पेटीला घरातसुद्धा कोणी हात लावलेला तुम्हाला चालत नसे. "धर गो बाय, आलोच," एवढं म्हणून उतरलात आणि करवंदीच्या जाळीमागे गेलात. गाडीत चुळबुळ सुरू होते. मागची एक बाई म्हणते, "कंडक्टरला झालं काय? वडखलला माजी पुढची गाडी जाईल." मी बाहेर बघत नाही. पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले आहे. तुम्ही परत आलात तेव्हा ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम होता. कोणाकडेही न बघता दोनदा घंटी दिलीत.

त्याच आठवड्यात आई लावणीसाठी माहेरी गेली होती, म्हणून तुमची खाकी पँट मी धुवायला घेतली. मागच्या बाजूला काळपट लाल डाग होता. मी तो पाण्यात बुडवला तेव्हा तुम्ही मोरीच्या दारात उभे होतात. "मूळव्याध हाय," म्हणालात. "इंजिनाच्या उष्णतेनं होतं, समद्या गाडीवाल्यांना होतं. आयेला सांगू नको, ती उगाच घोर लावून घेईल." मी डॉक्टरचं नाव काढलं तर भडकलात. "तो बोट घालून बघतो, ठाव हाय? आनि पोरीनं बापाशी असल्या गोष्टी बोलायच्या नसतात." तुम्ही मला असं कधी बोलला नव्हतात. मी पँट पुन्हा पाण्यात बुडवली. खरं सांगते, वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. आता पुन्हा बोलावं लागणार नव्हतं.

मग मी नुसती बघत राहिले. तुम्ही सुरण खाल्लात, इसबगोल घेतलंत, तिखट सोडलंत. एखाद्या दिवशी चार-पाच वेळा जायचात, मग तीन दिवस काहीच नाही. जाऊन आलात तरी पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही, पुन्हा पाण्याचं डबडं उचलून जायचात. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलंत, दिवाळीनंतर आणखी एक. गाडीच्या तीन पायऱ्या चढून धाप लागायला लागली. ह्या प्रत्येक गोष्टीला घरात काही ना काही कारण होतं: पाणी बदललं, जागरण झालं, वय झालं. वय कसलं, तुम्ही अठ्ठेचाळीसचे होतात. आज मला माहीत आहे की मूळव्याधीनेही रक्त जातं. पण जातं ते मूळव्याधीचंच, हे घरात बसून कोणाला ठरवता येत नाही. तेव्हा आपण दोघांनी ते ठरवून टाकलं होतं.

शिमग्याच्या आधी तुमचं पोट फुगलं, उलट्या थांबेनात. पेणच्या डॉक्टरांनी हात लावला आणि लगेच मुंबईला न्यायला सांगितलं. तिथे त्याच दिवशी ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर सर्जननी विचारलं, "रक्त कधीपासून जात होतं?" आईला तुमच्या तोंडून जेवढं कळलं होतं तेवढं तिने सांगितलं, "पंधरा दिस झाले असतील." मी म्हटलं, "आठ महिने." आई माझ्याकडे वळली. "तुला ठाव होतं?" "व्हय."  सर्जन म्हणाले, मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेला आहे. जाताना मला म्हणाले, "तुम्ही त्यांच्या रक्ताच्या. त्रास असो नसो, उशिरात उशिरा चाळिशीला तपासून घ्या." मी मान हलवली. तुम्ही गौरी-गणपतीपर्यंत होतात. तुमच्या बाराव्यानंतर चुलीपुढे बसलेली आई एकदाच म्हणाली, "सांगितलं असतंस तं वढत नेलं असतं मी." पुढे तिने तो विषय कधीच काढला नाही. त्यापेक्षा तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

चाळिशीला मी गेले नाही. बदली होती, मुलाची दहावी होती, आणि काही निघालं तर, ही भीती होती. यंदा आमच्या शाळेतल्या एका तरुण बाईंनी हसत सांगितलं, मूळव्याधीचं रक्त जातंय हो. मी त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. त्यांची निघाली मूळव्याधच. परत येताना त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही एवढं सांगता, तुमची झाली का तपासणी?" मी परत वळले आणि माझ्या तपासणीची तारीख घेतली. बावन्न वर्षांची झाले होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी नुसतं पातळ खायचं, मग ते खारट औषध पित राहायचं. रात्रभर संडासाकडे येरझाऱ्या. सकाळी सुई टोचली आणि झोप लागली. बस, एवढंच असतं, बाबा. तुम्ही ज्याला भ्यालात ते मला जाणवलंही नाही. दोन कोंब निघाले, आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेले. ते तिथेच काढून टाकले आणि तपासायला पाठवले. रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. "राहिले असते तर काही वर्षांनी तेच होऊ शकलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "तीन वर्षांनी पुन्हा या. आणि तुमच्या मुलालाही हे सांगून ठेवा."

मुलगा काल फोनवर विचारत होता, आई, कसली तपासणी केलीस. मी म्हटलं, पित्ताची. आज सकाळी त्याने पुन्हा विचारलं, रिपोर्ट काय आला. तेव्हाही मी पित्तच म्हटलं.