आपलं टेबल

रेगेन्सबुर्ग

प्रिय कोर्बिनियान,

हाम्बुर्गला लेकीकडे रमला असशील, म्हणून उगीच फोन करत नाही. माझं बरं चाललंय. म्हणजे जेवतो, झोपतो आणि दर गुरुवारी खानावळीतल्या आपल्या राखीव टेबलावर एकटाच जाऊन बसतो. हायनर गेला, लुडविग गेला आणि तू बॅगा भरून निघालास. त्या चार खुर्च्यांवर खानावळवाल्या व्हेरोनीचा केव्हापासून डोळा आहे. धक्क्याला बोटी लागल्या की प्रवाशांची झुंबड उडते आणि बिचारीला जागा पुरत नाही.

या गुरुवारी गेलो तर हायनरच्या खुर्चीत एक बाई! टेबल राखीव असल्याच्या आपल्या पितळी पाटीखाली, खुशाल बूट काढून. गावातला माणूस असं धाडस करायचा नाही. इंगर नाव तिचं, डेन्मार्कची. बोटीवरून आली होती आणि गल्ल्यांतल्या दगडांवर चालून पाय भरून आले म्हणून घोळक्यामागे राहिली होती. व्हेरोनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अल्फॉन्सकाका, हिला तुम्ही उठवता की मी उठवू?" मी तावातावानं पुढे झालो खरा, पण सवयीनं आधी टेबलावर टकटक केली, आपण आल्या आल्या करायचो तशी. तर त्या बाईनंही हसून टकटक केली. काय सांगू तुला, तू गेल्यापासून माझ्या टकटकीला कुणी उत्तर दिलं नव्हतं. "बसू दे गं," म्हणालो. "अरे देवा, काकांना ताप आलाय वाटतं!" व्हेरोनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

मग मीच तिला गाव दाखवलं. कॅथेड्रल, जुन्या व्यापाऱ्यांचे उंच मनोरे, हायनर बायकोला चुकवून लपायचा तो बोळ. दगडी पुलावर वारा खात उभे राहिलो. तिचा नवरा वारला. बोटीवर दोघांसाठी घेतलेल्या खोलीत ती एकटीच झोपते. "तुमचे मित्र कुठे असतात?" तिनं विचारलं. म्हटलं, "एक आहे. लांब असतो." बोटीचा भोंगा झाला आणि ती गेली. मी पुलावरून बराच वेळ हात हलवला. तिला दिसला असेल असं नाही.

परत आलो तर व्हेरोनीनं सरळच विषय काढला. "काका, पाहुणीला बसवलंत, मग आता टेबलच सोडा ना. कोपऱ्यात तुमच्यासाठी एक खुर्ची कायमची ठेवते." वाईट नाही रे ती, तिचाही धंदा आहे. पण आपलं ठरलेलं तुला ठाऊक आहे: हयात असतील त्या सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. म्हणजे आता तू आणि मी. माझ्या तोंडून हो निघतच होतं. एकट्यानं नाही म्हणायचं बळ उरलं नाही. म्हणून तिला म्हटलं, कोर्बिनियानला विचारतो. त्याप्रमाणे विचारतोय. तू नाही म्हण.

तुझाच,
अल्फॉन्स