खोकं बोललं तर

प्रिय मालकीणबाई,

वरच्या मजल्यावरून खालच्या कुरिअर ऑफिसात पत्र पाठवणारा बाप तू पहिल्यांदाच बघत असशील. हसून घे. तीन आठवडे तुझ्याशी धड बोललो नाही, आता एकदम समोर येऊन बोलायला जीभ रेटत नाही.

त्या चष्मेवाल्या आजोबांची पेटी डोक्यातून जात नाही. नजर तपासायची दीडशे भिंगं, प्रत्येकाला मखमलीत आपापली खाच. आपल्या कुरिअरने पेटी त्यांच्या शिष्याकडे पोचली तेव्हा त्यातल्या अकरा भिंगांचा चुरा झाला होता. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्याने तुला सरळ वाट दाखवली, ‘ताई, गाडीला धक्का बसला असं लिहा, क्लेम होऊन जाईल.’ तू फॉर्मवर काय लिहिलंस? ‘काउंटरवर गर्दी होती. मी खोकं हलवून पाहिलं नाही. आतलं पॅकिंग अपुरं होतं.’ खाली सही, तारीख, शिक्का. पॅकिंग कच्चं असेल तर विमा लागू होत नाही, हे तुला पाठ आहे. क्लेम गेला.

मी खाली येऊन सगळ्यांसमोर ओरडलो, ‘विमा काय कपाटात ठेवायला काढलाय?’ तू शांतपणे म्हणालीस, ‘बाबा, खोकं कानाशी धरून हलवायचं, आतून बोललं तर घ्यायचं नाही, हे मला कुणी शिकवलं?’ मी आणखीच ओरडलो.

पावतीमागची बारीक अक्षरं मीच छापून घेतली होती: विम्याबाहेर आमची जबाबदारी अमुक इतकीच. ती पुढे केली असतीस तर आजोबा गुमान परत गेले असते. तू पेटी काखेत मारून तीन कारागिरांची दारं झिजवलीस आणि अकराही भिंगं मापात घासून आणलीस. परवा तू बाहेर असताना आजोबा आले होते. म्हणाले, ‘तुमच्या मुलीला चष्मा भेट द्यावा म्हटलं, पण तिला लागत नाही हो. तिला सगळं स्वच्छ दिसतं.’ ते गेल्यावर आरशात बघितलं, तर चेहऱ्यावर असा रुबाब, जशी काही ती सही मीच केली होती.

मी केली नव्हती. तशी वेळ माझ्यावरही आली होती. तू वर्षाची होतीस, मी दुसऱ्याच्या काउंटरवर कारकून होतो. औषधांच्या बाटल्यांचं एक खोकं मी न बघता घेतलं. बाटल्या फुटल्या. फॉर्मवर रकाना होता, ‘नुकसान कसं झालं?’ मी लिहिलं, ‘हमालाच्या हातून पडलं.’ विमा मिळाला. माझी नोकरी राहिली, त्या हमालाची, पैलवानची, गेली. तुझा लाकडी पाळणा एकट्याने चौथ्या मजल्यावर चढवणारा तोच पैलवान. त्याच्या हातून आयुष्यात एक खोकं पडलं नव्हतं. हलवून बघायचा नियम मी त्यानंतर घातला. तुला शिकवताना एवढंच सांगायचं राहिलं.

तुझी ती तीन वाक्यं वाचून आधी राग आला, कारण मला एकच लिहायचं होतं आणि तेही जमलं नव्हतं. राग ओसरला, छाती मात्र फुगलेलीच आहे. जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलोय, ‘ते खालचं ऑफिस ना? माझ्या मुलीचं.’

पैलवानचा पत्ता मिळालाय. जुन्या गोदामामागच्या गल्लीत मुलाकडे असतो. रविवारी जायचं ठरवलंय. तू बरोबर चल. बोलणार मीच, तू नुसती शेजारी बस. असं वाक्य पुरं कसं करायचं, ते आपल्या घरात तुलाच माहीत आहे. मी मध्येच गर्दीचं नाहीतर नोकरीचं कारण सांगायला लागलो, तर कोपराने ढोस.

तुझाच,
तीन आठवडे फुगून बसलेला बाबा