लोण्याविना आम्लेट

३ मार्च १९६२
मिळाला! काही न चिकटणारा नव्या तऱ्हेचा तवा, आमच्याच कारखान्याच्या भट्टीतून निघालेला! मुकादम म्हणाले, "जोझेत, घेऊन जा, सासूला दाखव." सासूबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "लोण्याशिवाय आम्लेट? आमच्या दुधालोण्याच्या साव्हुआत?" मग फर्मान — पुढच्या रविवारी जेवणाला सगळ्यांसमोर करून दाखव. चिकटलं तर माझं कारखान्यात जाणं बंद, गुमान घर सांभाळायचं!
लुसियाँ खिडकीबाहेर बघत बसला. नवरा कसला, भित्रा ससा! पिंजऱ्यातला पिस्तू मात्र गातच होता. कॅनरी पक्षी सासूबाईंचा, पण बाजू माझी घेतो.

५ मार्च
लुसियाँ विचारतो, "ज्या लेपाला काहीच चिकटत नाही, तो तव्याला कसा चिकटतो गं?" मलाही पहिल्या दिवशी हेच कोडं पडलं होतं! अ‍ॅल्युमिनियमला आधी आम्लाने खरवडतात, बारीक बारीक खळगे पडतात. लेप त्यांत शिरतो, भट्टीत वितळतो आणि अडकून बसतो. आणि लेपात फ्लोरिनने कार्बनला असं घट्ट कवटाळलेलं असतं, की तिसऱ्याला शिरकावच नाही.
"म्हणजे आई आणि मी," लुसियाँ म्हणाला. हसून हसून पोट दुखलं!

१० मार्च
उद्या! काम सुटलं तर मी वेडी होईन.

११ मार्च
घसरलं! लोण्याचा थेंब नाही, तरी असं घसरलं की ताट चुकवून थेट पाद्रीबाबांच्या मांडीवर! सगळे खो खो हसले, पाद्रीबाबा सगळ्यांत जास्त. सासूबाईंनी त्यातला तुकडा चाखला. मग म्हणाल्या, "चव नाही. पण पैज ती पैज. जा बाई कारखान्यात." मी त्यांना मिठीच मारली!

१२ मार्च
कामावरून आले तर घरभर धूर, वास आमच्या भट्टीपाशी येतो तसाच! सासूबाईंनी तवा रिकामाच आचेवर ठेवलेला. लोखंडी तवा नवा आणला की धूर निघेस्तोवर तापवायचा — इथली जुनी रीत. "तवा आपला म्हणायचा, तर रीतीने नको घ्यायला?" आपला! तवा पार वाया गेला, पण मला नाचावंसं वाटलं. "दुसरा आणते हो!" म्हटलं. खिडक्या सताड उघडल्या. पिस्तू आज लवकरच गप्प झाला होता, झोपला असेल म्हणून पिंजऱ्यावर फडकं टाकलं.

१३ मार्च
सकाळी फडकं काढलं. पिस्तू तळाशी मरून पडलेला. सासूबाईंनी त्याला एप्रनमध्ये गुंडाळलं. मग माझा हात धरला.
"जोझेत, तुझ्या भट्टीपाशी असाच वास येतो का गं?"
मी नाही म्हटलं.