खुणेचं नाव

६ नोव्हेंबर
बाबांनी मोटारसायकल घेतली! म्हणजे, त्यांच्या नावावर कर्ज काढून कुणीतरी घेतली — आसनसोलला! ज्या माणसाला साधी सायकल चालवता येत नाही, त्याला हप्ता थकल्याचा फोन! मी हसून हसून पलंगावरून पडायची बाकी होते. मा भडकली. "दात काय काढतेस, टुसी? उद्या घरावर जप्ती आली म्हणजे कळेल."

७ नोव्हेंबर
उलगडा झाला. मागे एक फोन आला होता — "दादा, मी हाबुल." हाबुल म्हणजे माझा काका. बाबांशी भांडून गेला तो गेलाच, सहा वर्षं ना पत्ता ना फोन. तर या 'हाबुल'ने बाबांकडे आधारकार्डाचा फोटो मागितला, मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला, आणि बाबांनी आनंदाने सगळं देऊन टाकलं!

वर म्हणतात, "अगं, हाबुल हे घरातलं नाव. शाळेत नाही, आधारवर नाही. चोराला कुठून कळणार?"

कुठून! दर दुर्गापूजेला बाबा फेसबुकवर लिहितात — 'हाबुल, घरी ये रे. तुझा भोंबलदा.' म्हणजे दोघांची घरातली नावं, आणि खाली स्वतःचा नंबर!

हसणार होते. पण बाबांचा चेहरा बघून हसू गिळलं.

९ नोव्हेंबर
पोलीस ठाण्यात तक्रार, बँकेत अर्ज, आधारला कुलूप. ठाण्यातले साहेब म्हणाले, आवाज ओळखीचा वाटला तरी विश्वास ठेवू नका, घरच्या घरी एक खुणेचं नाव ठरवा.

मग काय! बारशी मीच उरकली! बाबा — भाजलेलं वांगं. मा — जिलबी. मी — महाराणी!

१० नोव्हेंबर
मा गॅलरीतून ओरडली, "अहो वांगं, कोथिंबीर विसरू नका!" झालं! बाजारात मासळीवाला हाराधन बाबांना म्हणतो, "या वांगंबाबू, रोहू ताजा आहे!"

नवी नावं ठेवली. इथेसुद्धा लिहिणार नाही!

१३ नोव्हेंबर
आला! चोराचा फोन पुन्हा आला! "दादा, मी हाबुल." बाबांनी स्पीकर लावला, आम्ही दोघी श्वास रोखून.

"हाबुल काय? मग माझं नाव सांग."

"भोंबलदा…"

"ते अख्ख्या गावाला माहितीये! खुणेचं सांग!"

"ते मला कसं माहीत असणार, दादा?"

सापडला! मग बाबा जे सुटले! नालायक, हलकट, माझ्या भावाच्या नावावर जगतोस, आग लागो तुझ्या मोटारसायकलला — बाबांच्या तोंडी असले शब्द! मा टाळ्या पिटतेय, मी नाचतेय! शेवटी बाबांनीच दमून फोन ठेवला. मा लगेच लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळायला बसली, सोबत बटाट्यांचा आलूर दम. बाबा बोटं चाटून जेवले. आता बिशाद आहे कुणाची आम्हाला फसवायची!

१४ नोव्हेंबर
बाबा सकाळपासून तोच नंबर फिरवताहेत. बंद आहे.

मी म्हटलं, "सोडा ना बाबा, चोर होता तो."

"चोर असता तर त्याने फोन ठेवला असता, टुसी. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला."