छत्रीवाली बुआ

मंगळवार, संध्याकाळ

दुपारच्या हिंदी मालिकेतली, घरातही छत्री उघडून फिरणारी बुआ आज मेली. थेट फोटोला हार! काय गरज होती तिला मारायची? आई हल्ली कधीकधी मलाही ओळखत नाही, पण ती छत्री दिसली की खळखळून हसायची. बुआसाठी रोज अर्धा कप चहा बाजूला ठेवायची.

आज विचारलंच तिनं, "बुआ काहून नाही आली?"

"सिहोऱ्याला गेली, आई. येईल."

दुसरं काय सांगणार होते? बाबा वारले तेव्हाही हेच सांगितलं होतं.

आईनं बुआच्या कपावर बशी झाकली. म्हणाली, "ऊन लय आहे. येताना ह्यांनाही छत्रीत घेऊन येईल ना ती?"