पेट्रोल खाली उतरेना

रविवार, ता. ३

पहिला आला तो धाकटाच. चप्पल न काढता सरळ मागच्या व्हरांड्यात गेला आणि मोटारसायकलला लाथ घातली. म्हटलं, अरे, आधी आईला तरी विचार कशी आहेस. तर म्हणाला, कशी आहेस, आणि दुसरी घातली. मागोमाग थोरला. त्यानं धाकट्याला बघितलं आणि पायरीवरच थांबला. पाच वर्षांनी दोघं एका छपराखाली! माझा आनंद गगनात मावेना.

गाडी ह्यांची. हे गेल्यापासून उभीच आहे. मी दोघांना वेगवेगळे फोन केले होते, की ये, तुलाच देते. खोटं बोलले नाही. एकाला देणारच आहे, तेव्हा निम्मं तर खरंच झालं. समोरासमोर आल्यावर नियम सांगितला: जो चालू करून बाजाराला चक्कर मारून परत आणेल, त्याची.

थोरल्यानं खालची नळी उपसून डोळ्यासमोर धरली. पेट्रोल उतरतंय का बघायचं होतं म्हणे. थेंब नाही. तेवढ्यात धाकट्यानं टाकीचा नळ फिरवला, आणि उतरलं, ते थोरल्याच्या नव्या शर्टावर. थोरल्यानं पाना फेकला. तो धाकट्याच्या अंगठ्यावर. धाकट्यानं मूठ मारली ती थोरल्याच्या नाकावर. रक्त बरंच आलं. पण चहा दोघांनी माझ्या हातचाच घेतला, आणि साखर जास्त झाली हे दोघं एकदमच म्हणाले. जमतंय हळूहळू.

अंधार पडला म्हणून राहिलं. पुढच्या रविवारी कारबुरेटर खोलणार आहेत. ठरवलं: यापुढे या घरात कोणी कोणावर हात उचलायचा नाही.

बुधवार, ता. ६

थोरल्या सुनेचा फोन. आई, ह्यांच्या नाकाचं तुम्ही काय केलंत? मी काय करणार! मागून नातीनं फोन ओढून घेतला. आजी, बाबा जिंकले का हरले? म्हटलं, अजून चालू आहे गं बाळा.

गाडी पुसली. फडक्यानं टाकी चकचकीत केली, मागचा दिवाही पुसला. पुढच्या रविवारी चालू झाली की कोणीतरी एक घेऊन जाणार. बरंच होईल, अडगळ जाईल. मग रविवारी मला निवांत पडता येईल.

पुसताना दिसलं, टाकीच्या झाकणाला मधोमध बारीक भोक आहे. कारखान्यातली चूक. त्यातूनच घरात पेट्रोलचा वास येत असणार. मेणबत्तीचं मेण कोमट करून बुजवून टाकलं. वरून बोटानं सारवलं. अगदी ओळखू येत नाही.

रविवार, ता. १०

चालू झाली!

सकाळपासून कारबुरेटर खोलून पेपरवर मांडला होता. आधी माझ्याच पोळपाटावर ठेवला होता, पोळपाट मी काढून घेतला. आत वाळलेल्या पेट्रोलचा डिंक. एक पितळी बटणासारखं, त्याला जेट म्हणतात, ते थोरल्यानं तोंडानं फुंकलं आणि सगळा डिंक धाकट्याच्या डोळ्यात. धाकट्यानं त्याचा कान पिरगळला. मी लाटणं दाखवलं. नुसतं दाखवलं.

मग धाकट्याची किक आणि घर हादरलं. मला रडूच आलं. तो बसला आणि निघाला बाजाराला. थोरला पायरीवर डोकं धरून बसला. मलाही जरा कसंसंच झालं. सकाळी काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे.

पण कोपऱ्यावर गाडी बंद पडली. नुसती पडली नाही, आचके देत इस्त्रीवाल्याच्या गाडीत घुसली. इस्त्रीवाल्यानं धाकट्याला दोन लगावल्या. थोरला पळत गेला, वाटलं भावाला वाचवायला. त्यानं तिसरी लगावली.

मग टाकीचं झाकण उघडून बघितलं. फुस्स झालं. पेट्रोल आहे. थोरल्यानं किक मारली, चालू! म्हणाला, बघ, माझ्या हाताला गुण आहे. तो निघाला. शाळेपर्यंत गेला, बंद. धाकटा पोट धरून हसला, म्हणून थोरल्यानं ढकलत आणलेली गाडी त्याच्या अंगावर सोडली.

दात एक गेला. मागचाच आहे, दिसत नाही.

मंगळवार, ता. १२

शेजारची मास्तरीण येऊन गेली. म्हणाली, आजी, तुमच्या घरात दर रविवारी आरडाओरडा असतो, मी पोलिसांना कळवीन. म्हटलं, बाई, तुमच्या घरात वर्षभर आवाज नाही, मी कधी कोणाला कळवलं का? गेली. बिचारीला पोरं नाहीत, तिला काय कळणार.

झाकणावरचं मेण कडेनं सुटायला आलं होतं. नीट पुन्हा घातलं. वास अजिबात येत नाही आता. घराला मेण लाभलं म्हणायचं.

ठरवलं: रविवारी मध्ये पडायचं नाही. पोरं मोठी झाली.

रविवार, ता. १७

मध्ये पडले.

थोरला म्हणाला, टाकीत गंज आहे, तोच नळीत अडकतो. टाकी उतरवली, आत मूठभर नटबोल्ट टाकले आणि दोघं दोन बाजूंनी धरून खळखळवायला लागले. काय सुंदर दृश्य! लहानपणी गोधडी पिळताना अशीच दोन टोकं धरायचे. मी म्हटलंसुद्धा. तर धाकटा म्हणाला, तेव्हाही सगळं पाणी ह्यानं माझ्याच अंगावर पाडलं. थोरला म्हणाला, तू धरायचास कुठे, नुसता लटकायचास. आणि टाकी सोडली. ती धाकट्याच्या गुडघ्यावर. धाकट्यानं उठून ती थोरल्याच्या पाठीत घातली. थोरल्यानं त्याचा गळा धरला. धाकट्यानं कानाला चावा घेतला, तो सोडेना.

मग मी लाटणं घेतलं. आधी कोणाला बसलं आठवत नाही. सारखंच बसलं असावं, आईला दोन्ही पोरं सारखी. लाटणं मोडलं.

डॉक्टरनं थोरल्याच्या कानाला टाके घातले. विचारलं, कुत्रं का? थोरला म्हणाला, घरातलंच आहे.

संध्याकाळी टाकी बसवली. चालू झाली, शाळेपर्यंत गेली, बंद. थोरला म्हणतो धाकटा रात्री येऊन काहीतरी करतो. धाकटा म्हणतो थोरला. दोघांनी एकमेकांचा जीव घ्यायच्या शपथा घेतल्या. म्हणजे येणार. मी दूध जास्तीचं सांगून ठेवलं.

रविवार, ता. २४

आजचं सगळं सविस्तर लिहून ठेवते, आनंदाचं आहे.

दोघंही हातोडे घेऊन आले. एका हातोड्यानं खिडकी गेली, दुसऱ्यानं गाडीचा आरसा आणि माझी कुंडी. धाकटा ओरडला, कोणालाच नको, तोडून टाकतो, आणि टाकीवर घाव घातला. झाकण उडालं ते थोरल्याच्या कपाळावर. थोरला खाली बसला. झाकण हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं डोक्याला लागलं. तर नखानं मेण खरवडलं.

मग धाकट्याला म्हणाला, अरे, हे बघ. टाकीला वरून हवाच मिळत नाही. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली कसं उतरेल? म्हणून झाकण उघडलं की चालते, थोडी पळते आणि परत गुदमरते. धाकटा म्हणाला, तूच घातलंस मेण. थोरला म्हणाला, तू. हातोडे परत वर गेले.

मी अभिमानानं सांगितलं, मी बुजवलं. वास यायचा. दोनदा घातलं.

हातोडे खाली आले. दोघं माझ्याकडे वळले आणि एकदम ओरडले, आई!! पुढे जे बोलले ते लिहीत नाही. पण एकानं सुरू केलेलं वाक्य दुसरा संपवत होता. पाच वर्षं मी हेच मागत होते. थोरला म्हणाला, हिच्यामुळे तुझा दात गेला रे. धाकटा म्हणाला, तुझा कान. आणि धाकट्यानं तो कान हळूच चाचपून बघितला. मग दोघंही हसायला लागले.

टाचणीनं भोक मोकळं केलं. एका किकमध्ये चालू. बाजाराला दोघं मिळूनच गेले, एक पुढे, एक मागे, आणि परत आले. मी विचारलं, आता कोणाची? तर म्हणाले, दोघांची. पंधरा दिवस ह्याच्याकडे, पंधरा दिवस त्याच्याकडे. इथे नको ठेवायला, आई परत काहीतरी बुजवेल.

चहा केला होता. घाईत होते.

रविवार, ता. ३१

दूध जास्तीचं घेतलं होतं, ते नासलं. व्हरांड्यात तेलाचा डाग आहे. घासला तर जाईल, पण घाई नाही.

दुपारी मीच फोन केला. धाकट्यानं उचलला, वारा जोरात वाजत होता. मागून थोरल्याचा आवाज, कोण आहे रे? आई, म्हणाला. दोघं कुठेतरी लांब निघालेत. गाडी मस्त पळतेय म्हणे, एकदाही बंद पडली नाही. मी म्हटलं, इकडे कधी? थोरला मागून ओरडला, सांग तिला, रविवारी येतो. नक्की.

कुठल्या, ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. लिहून ठेवते: रविवार.