मूळ नाव तसेच ठेवावे

१२ जानेवारी २०२५, रविवार

चोरी झाली. एकतीस वर्षांची चोरी, आणि मला कळलं आज, गणूच्या मोबाइलवर!

सकाळी जेट्टीवर गेलो होतो. गणू होडी काढायच्या तयारीत. अजून भरती यायची होती. मी म्हटलं, पावणेबाराच्या पुढे येईल. तो हसला, खिशातून मोबाइल काढून माझ्या नाकासमोर धरला. "अकरा पन्नास. तू कशाला डोकं शिनवतोस? आता यात सगला हाय."

पेपरात आज अकरा आठ छापलंय. ते मुंबईचं पाणी. आमच्या बोनकोड्याच्या खाडीत ते उशिरा चढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बेचाळीस मिनिटं, अष्टमीच्या भांगाला, पाणी कमी चढतं तेव्हा, त्याहून जास्त, दक्षिणेचा वारा असला की आणखी वेगळं. हे कुठल्या सरकारी पुस्तकात नाही. हे फक्त माझ्या वहीत आहे. एकतीस वर्षं जेट्टीच्या खुंटापाशी उभा राहून, हातातलं घड्याळ बघून लिहिलेलं. तुर्भ्याला कंपनीत हेल्पर होतो तेव्हा रात्रपाळी करून सकाळी परत खाडीवर.

त्या मोबाइलातल्या वस्तूचं नाव 'भरतीवेळ'. खाली कंपनीचं नाव, सीवूड्सचा पत्ता. माझं नाव कुठेच नाही.

जेवण गेलं नाही.

१३ जानेवारी

कोण ते कळलं. निखिल! पेपरात फोटो आला होता म्हणे मागच्या महिन्यात, गणूच्या सुनेने जपून ठेवलेला. गळ्यात शाल, हातात नारळ. 'खाडीची नाडी ओळखणारा तरुण.' याने आयुष्यात खाडीत पाय घातला नाही. आमच्या हितेशबरोबर कॉलेजात होता. आमच्याकडे यायचा. इथे, याच खोलीत, मांडी घालून बसून माझ्या बायकोच्या, बायजाच्या हातचे बोंबील खाल्लेत त्याने. काटासुद्धा नीट काढता येत नव्हता, बायजा काढून द्यायची.

त्या शालीचा प्रत्येक धागा उसवेन.

पण करायचं काय? पोलिसांत गेलो तर विचारतील, वही कुठाय. वही आहे. पण मग वहीतलं मोबाइलात कसं गेलं विचारतील. ते हितेशने घातलं. माझ्याच मुलाने. दोन महिने वही घेऊन बसला, सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये चढवले आणि मग जगाला फुकट वाटून टाकले. आमच्यात कुठल्या घराचं जाळं कुठल्या पाण्याला लागतं हे सोयऱ्यालाही सांगत नाहीत, आणि याने सगळ्या दुनियेला! पाच वर्षं झाली. तेव्हा भांडण झालं, तो पुण्याला गेला तो गेलाच. मी काय काय बोललो आठवत नाही. रागात माणूस बोलतो.

गॅस बंद केला का दोनदा बघून आलो.

१४ जानेवारी

संक्रांत. बायजाने तिळगूळ दिला. गोड बोला म्हणे. कोणाशी?

१६ जानेवारी

रुतिकाला बोलावून घेतलं. मुलीकडची नात, कॉम्प्युटरचं शिकते, मामावर, हितेशवर गेली आहे. ती म्हणाली, आबा, 'भरतीवेळ' आतून ज्यावर चालतं ते मामाचंच पॅकेज आहे. पॅकेज म्हणजे नुसता प्रोग्राम नाही. त्याच्याबरोबर त्याचे कागद असतात, होडीचे असतात तसे. कोणी बनवलं, काय काय बदललं, कुठल्या अटीवर वापरायचं, आणि आज ते कोण सांभाळतं. असली हजारो पॅकेजं एका भांडारात ठेवलेली असतात. लोक पगार न घेता ती सांभाळतात.

पगार न घेता! मग खातात काय?

त्या अटींच्या कागदाला लायसन म्हणतात. मी म्हटलं वाच. इंग्रजी होतं, तिने मराठीत सांगितलं, मी सातवीपर्यंत शिकलेल्या अक्षरात उतरवून घेतलं. कोणीही घ्यावे. कोणीही बदलावे. कोणीही विकावे.

विकावेसुद्धा? मी ओरडलोच. हे कसलं फुकट? ती म्हणाली, "फुकट नाही आबा, मोकळं. पुढे खाली अट आहे ना." आणि मग शेवटची ओळ वाचली: मूळ नाव तसेच ठेवावे.

तीनदा वाचायला लावली. हीच. या एका ओळीवर त्याला धरतो.

१९ जानेवारी

भांडाराच्या नियमांचं पान रुतिकाने छापून आणलं, तिथेच बाजूला पेनाने मराठी लिहून. पाठ केलं. लायसनबद्दल तक्रार आली की पॅकेज थांबवून ठेवायचं, तक्रार मिटेपर्यंत नवीन कोणाला द्यायचं नाही. सांभाळणाऱ्याने पंधरा दिवसांत खुलासा करायचा. कोणाचंही नाव त्याच्या लेखी संमतीशिवाय काढायचं नाही. सांभाळणाऱ्याची चूक निघाली तर त्याने बाजूला व्हायचं, आणि दुसरा कोणी पुढे येईपर्यंत जागा रिकामी राहते.

काय कायदा आहे! आमच्या सोसायटीच्या कमिटीला असा कायदा पाहिजे होता.

लेखकांची यादी पाहिली. निखिलचं नाव आहे, त्याने मोबाइलवर चालेल असं केलं म्हणून. माझं नाही. रुतिका म्हणाली, "आणि सांभाळणाऱ्याच्या जागी—" मी म्हटलं, मला आणखी नावं ऐकायची नाहीत. मला ऐकायचं नव्हतं. का नव्हतं ते लिहीत नाही.

२२ जानेवारी

सीवूड्सला जाऊन आलो. काचेची बिल्डिंग, आत एवढा गारवा की गुडघे धरले. टेबलावरच्या मुलीने अपॉइंटमेंट विचारली. मी म्हटलं, त्याला सांग, ज्यांच्याकडे बोंबील खायचास ते आलेत. सव्वा तास बसवलं. शेवटी आला. पोट सुटलंय. वाकून पाया पडला, नाटकी!

मी मूळ नावाची अट म्हणून दाखवली. पाठच आहे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, आमच्याकडे आलं तेव्हाच त्यात तुमचं नाव नव्हतं. जे होतं ते सगळं आम्ही तसंच ठेवलंय. शप्पथ."

मी म्हटलं, मग सत्काराच्या वेळी तोंड शिवलं होतं का? वही कोणाची ते तुला माहीत नव्हतं?

मान खाली. एवढंच म्हणाला की हितेशला एकदा विचारा.

हितेशला! मी उठलो. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ही शाल तुझ्या गळ्याला फास होईल. काचेचं दार ढकलायचं की ओढायचं कळेना. ती मुलगी उठून उघडायला आली. त्यामुळे बोलण्यातला सगळा जोर गेला.

२३ जानेवारी

बीपी १७०. फास वगैरे बोलायला नको होतं. केस करेल का?

२५ जानेवारी

केस नाही केली. म्हणजे घाबरलाय. घाबरलेल्याला सोडायचं नसतं.

आज तक्रार पाठवली. रुतिका टाइप करत होती, मी सांगत होतो. सिताराम पोशा भोईर, वय ७३, बोनकोडे. माझी मोजमापे माझ्या नावाशिवाय वापरली आहेत. वहीच्या पानांचे फोटो जोडले, सतरा. आधारही जोड म्हटलं, ती नको म्हणाली.

पाठवायच्या वेळी तिचा हात थांबला. "आबा, ही तक्रार निखिलकाकाकडे जात नाही. पॅकेजवर जाते. उत्तर सांभाळणाऱ्याला द्यावं लागतं. आधी मामाला फोन करू या ना."

मी म्हटलं, या घरात त्याला फोन होत नाही.

बायजा दारात उभी होती, हाताला पीठ. "नका पाठवू," म्हणाली. का, ते सांगेना. पंचेचाळीस वर्षांत मला कशाला नको म्हणाली नव्हती, आजच सुचलं! मी रुतिकाला म्हटलं, दाब. तिने दाबलं.

बायजाने भाकरी वाढली आणि आत गेली. बोलत नाही.

२९ जानेवारी, अमावास्या

थांबवलं! भांडाराने पॅकेज थांबवलं! आणि कंपनीने घाबरून 'भरतीवेळ'मधून बोनकोड्याचं पाणी काढून टाकलं. सकाळी गणू मोबाइल आपटत आला, नुसतं पांढरं दिसतंय म्हणे. पक्षी दाखवायच्या बोटीवाल्यांचाही खोळंबा झाला. मी मनात म्हटलं, घ्या आता शाल पांघरून पाणी सांगा.

जेट्टीवर पाच-सहा जण माझ्याभोवती. आज उधाण, किती वाजता? मी सावकाश, चष्मा पुसून सांगितलं. बरोबर आलं, मिनिटाला. पाच वर्षांत कोणी मला काही विचारलं नव्हतं.

गणू सगळ्यांदेखत म्हणाला, "आज तू हायस म्हनून बरा. तू मेल्यावं कुनाला इचारू? सगला पानी बरोबर घेऊन जानार काय?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन नाही हसलो.

३१ जानेवारी

बायजा अजून बोलत नाही. तिच्या फोनचा आवाज बंद करून ठेवलेला असतो, हे आज लक्षात आलं.

२ फेब्रुवारी

निखिलचा फोन. त्याच्या साहेबाने त्याला बाजूला बसवलंय, हे ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं हे खरंच लिहितो, इथे खोटं कशाला. मी म्हटलं, अजून काय झालंय, बघ तू.

तो चिडला नाही. "काका, माझं जाऊ द्या. मला दुसरीकडे नोकरी मिळेल. तुमचा मार कोणाला बसतोय ते तरी बघा एकदा."

फोन ठेवला. मला शिकवतो!

पण मग झोप येईना. दोन गोळ्या एकदम घेतल्या की एकच, ते आठवेना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खुलासा आला. रुतिका कॉलेज बुडवून आली. बसा म्हणाली. बायजालाही बोलावलं. ती आली नाही, पण स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

रुतिकाने मराठीत वाचलं. मी नंतर तिच्याकडून लिहून घेतलं, ते असं:

'तक्रारदाराचे म्हणणे बरोबर आहे. सर्व मोजमापे त्यांचीच आहेत. पहिल्या दिवशी लेखकांच्या यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. ते मी ११ नोव्हेंबर २०१९ रोजी काढले. त्यांनी तसे मला तोंडी सांगितले होते. लेखी पुरावा माझ्याकडे नाही. निखिल आणि त्याच्या कंपनीचा दोष नाही, त्यांना माझ्याकडून जसे मिळाले तसे त्यांनी वापरले. संमतीच्या कागदाशिवाय नाव काढणे ही माझी चूक आहे. नाव आज पुन्हा लावतो आहे आणि नियमाप्रमाणे सांभाळण्याच्या कामातून बाजूला होतो आहे. — हितेश सिताराम भोईर'

मी म्हटलं, खोटं आहे. मी असं कशाला सांगेन?

रुतिका म्हणाली, त्यात सगळ्या बदलांची तारीखवार नोंद असते, कोणाला खोडता येत नाही. पाच वर्षं, दर अमावास्येला आणि पौर्णिमेला मामा एकटा त्यातले आकडे तपासत होता. नवा पूल झाला, भराव पडला, पाणी सरकलं. मी विचारलं, मग पुण्यात बसून वेळा कुठून मिळायच्या त्याला?

आतून बायजा बोलली. बारा दिवसांनी. "मी सांगायची. तुमी खाडीवरून आलाव का तुमाला विचारायची, आज किती वाजता चढला. तुमी सांगायचाव. मी त्याला सांगायची."

७ फेब्रुवारी

माळ्यावरून २०१९ची रोजनिशी काढली. वाळवी नाही लागली, लागली असती तर बरं झालं असतं.

१० नोव्हेंबर, रविवार. माझंच अक्षर, पेन दाबून लिहिलेलं: 'हितेशने पाणी जगाला वाटलं. गावात तोंड दाखवायला जागा नाही. त्याला साफ सांगितलं, त्या कॉम्प्युटरातून माझं नाव आजच्या आज काढ, मला यात धरायचं नाही. तो रडला. बरं झालं.'

पान फाडायला हात लावला. एवढं एक पान गेलं तर मीच खरा. फाडलं नाही. अजून फाडलेलं नाही, एवढंच लिहितो.

९ फेब्रुवारी, रविवार

रुतिकाने दाखवलं. माझं नाव लागलंय, सर्वांत वर, सिताराम पोशा भोईर, बोनकोडे. त्याच्या खाली, सांभाळणारा: कोणी नाही.

२०१९ची रोजनिशी तिच्यासमोर उघडून ठेवली. म्हटलं, या पानाचा फोटो काढ आणि तक्रार जिथे पाठवली तिथे पाठव. त्याच्याकडे लेखी पुरावा नाही. माझ्याकडे आहे.